न कळलेल्याची वही

हळदीच्या पानांवर वाफवलेल्या मोदकांचा वास गडग्यापलीकडून येऊ लागला, की माझी गुडघेदुखी, भावकीतले वाद आणि माकडांनी केलेली बागेची नासधूस, सगळं मी घटकाभर विसरतो. साठीपर्यंत हे असंच चालत आलं होतं. यंदा मात्र तो वास नाकात असतानाच माझं डोकं जे तापलं, ते गौरी-गणपती पाण्यात गेले तरी निवलेलं नाही. तापलं ते एका कागदापायी. कागद साधाच होता, अर्ध्या पानाचा, टाइप केलेला, खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ. माझ्या जुन्या शाळेतून आलेला.

पालीच्या अलीकडे उतारावर माझं घर आहे. बागेच्या जांभ्याच्या गडग्याला लागून शेजाऱ्याचं घर. शेजारी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला माणूस. मुंबईत बिस्किटांच्या गोदामात कामाला आहे आणि वर्षातून दोनदा घरी येतो, शिमग्याला आणि गणपतीला. बायको, म्हातारे वडील आणि दहावीतला मुलगा इथेच असतात. मुलगा रोज एसटीने रत्नागिरीला जातो, मुलांच्या त्याच हायस्कुलात, जिथे मीही शिकलो. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आरती झाल्यावर मी त्यांच्याकडे मोदक खायला बसलो होतो. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीला बांधलेली तिरड्याची फुलं मान टाकू लागली होती आणि बाहेर पाऊस आपला येत-जात होता. शेजाऱ्याने तो कागद माझ्यापुढे धरला.

"काका, जरा वाचून दावा. उद्या धा वाजता शाळेत बोलावल्यानी. सही करून दे म्हनतात. शाळेचा लिवलेला आमाला काय समाजनार?"

मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. माझा पाल्य दहावीची परीक्षा शाळेमार्फत न देता स्वेच्छेने बाहेरून देऊ इच्छितो, तरी त्याचं नाव पटावरून कमी करून दाखला मिळावा, त्याबद्दल माझी शाळेविरुद्ध कोणतीही तक्रार असणार नाही, असा त्यातला मजकूर. म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो: जो मुलगा नापास होईल अशी भीती असते, त्याला शाळा आधीच बाहेर काढते. तो बाहेरून परीक्षेला बसतो, नापास झाला तर बाहेरच होतो, आणि शाळेच्या निकालावर शिंतोडा उडत नाही.

मुलगा खांबाला टेकून ऐकत होता. म्हणाला, "आजोबा, स्वेच्छेने म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या स्वतःच्या मर्जीने."

"पण मला कोनी विचारलानच नाय."

"तू गप ऱ्हा," शेजारी त्याच्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर सांगतात म्हंजे बऱ्यासाठीच सांगत असतील ना, काका?"

ताटातला मोदक तसाच राहिला. मला राग आला होता, आणि तो नेमका कशाचा, हे कळायला थोडा वेळ लागला. शाळा मुलांना बाहेर काढते ही कुजबुज मी ऐकून होतो. माझ्या जिवाला झोंबली ती त्यांनी निवडलेली वेळ. गणपतीची सुट्टी, शाळा बंद, तरी मुद्दाम ऑफिस उघडं ठेवलेलं. का, तर याच पाच दिवसांत मुंबईचे बाप गावात असतात. घरात पाहुणे, दारात आरतीवाले आणि परतीच्या गाडीची घाई. अशा माणसापुढे कागद सरकवला, की तो वाचत बसत नाही. सही करतो आणि नारळ फोडायला जातो. आणि हेच पाच दिवस, नेमके हेच, माझ्या दहावीच्या वर्षी आणखी एका माणसाने हेरले होते. तेही बाप गावात असतात म्हणूनच.

आमचे गणिताचे मास्तर. दहावी 'ड' त्यांच्याकडे होती. 'ड' म्हणजे तेव्हाही जे उरतात ते. पाली-हातखंब्याच्या बाजूची शेतकऱ्यांची पोरं, पूर्णगडकडची मासेमारांची पोरं, शहरातली दोन वर्षं एकाच इयत्तेत बसलेली पोरं. मास्तर बुटके, आवाज खर्जातला, छत्रीची एक काडी कायमची मोडलेली. गणपतीत ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, प्लास्टिकच्या चपला घालून घरोघर फिरायचे. निमित्त दर्शनाचं. चव्वेचाळीस मुलं आणि पाच दिवस. हिशेबाचा माणूस, त्यामुळे एका दिवसाला नऊ घरं ठरलेली. प्रत्येक घरी पुढे आलेल्या मोदकातला ते अर्धाच खायचे. पुरा खाल्ला तर नवव्या घरी पोचणार नाही, असं म्हणायचे.

घरात शिरल्यावर आधी देवापुढे हात जोडायचे आणि मग बापाच्या शेजारी, घोंगडी असेल तर घोंगडीवर, नसेल तर जमिनीवर बसायचे. बसून फक्त दोन गोष्टी सांगायच्या. मुलाबद्दल एक चांगली गोष्ट, आणि त्याच्याकडून आपली असलेली एक अपेक्षा. गुणांची गोष्ट स्वतःहून काढायची नाही. चहा घेतला की उठायचं. चांगली गोष्ट सगळ्यांना सारखी चिकटवलेली नसे, ही त्यातली खरी मेहनत. एकाच्या बापाला त्यांनी सांगितलं होतं, की तुमचा मुलगा चाचणीत दुसऱ्याची वही बघत नाही, बघता येण्यासारखी असूनही. दुसऱ्याच्या बापाला, की तुमचा मुलगा खाडीच्या भरती-ओहोटीची वेळ तोंडी काढतो, ते मला कागदावर जमत नाही. जून ते भाद्रपद मास्तर वर्गात काय बघत बसायचे, हे आम्हाला त्या फेरीत कळायचं.

आमच्या घरी ते आले तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक भरून पडवीत ठेवलेली होती. वडील मुंबईला गोदीत होते. तिथल्या कँटीनमध्ये मला लावायचं त्यांनी नक्की केलं होतं आणि गौरी उठल्या की मला घेऊन ते निघणार होते. आई चुलीपाशी रडून मोकळी झाली होती. मी रडलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला थोडी सुटका वाटत होती, कारण ऑगस्टच्या चाचणीत गणितात पन्नासपैकी नऊ पडले होते.

वडिलांनीच विषय काढला. "मास्तर, नऊ मार्क हायत ह्याचे. ह्याचा शिक्षान आता बस झाला."

"नऊ मला माहीत आहेत. मीच दिलेत," मास्तर म्हणाले. "पण तुम्हाला एक सांगतो. फळ्यावर माझी चूक झाली की चव्वेचाळीसात हा एकटा हात वर करतो. स्वतःचं गणित साफ चुकलेलं असतं, तरी करतो. असा मुलगा मला बारा वर्षांत मिळाला नव्हता."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यात काही असू शकेल अशा नजरेने ते माझ्याकडे पहिल्यांदाच पाहत होते. मला तर माझं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"आणि मला त्याच्याकडून एक हवं आहे," मास्तर पुढे म्हणाले. "मार्चपर्यंत रोज त्याने न कळलेली एक गोष्ट वहीत लिहून माझ्याकडे आणायची. त्यासाठी तो इथे असायला हवा."

अर्धा मोदक खाऊन ते छत्री उघडून गेले. तिसऱ्या दिवशी वडील एकटेच मुंबईला निघाले. ट्रंक घरीच राहिली. पुढे आई तिच्यात गोधड्या ठेवायची.

ती वही हा मास्तरांचा शोध. सगळ्या 'ड' तुकडीला सक्तीची. उत्तरं लिहायच्या वह्या शाळेला पुष्कळ असतात. ही न कळलेल्याची. पानाच्या वरच्या अंगाला तारीख आणि न कळलेली गोष्ट लिहायची, आणि खाली अर्धं पान कोरं सोडायचं. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तिथे आपल्या शब्दांत लिहायचं. मास्तर लगेच समजावत नसत. वाचायचे, मान हलवायचे, कधी म्हणायचे, "चांगलं नाही कळलंय," आणि ही शाबासकी असे. सुरुवातीला आम्ही टवाळी करायचो, काहीतरी खरडून न्यायचो. दिवाळीनंतर मात्र असं झालं, की एसटीत बसल्यावर आपल्याला आज नेमकं काय कळलं नाही याचाच विचार डोक्यात चालू असायचा. मुळात आपल्याला काही कळू शकतं, असं गृहीत धरूनच कोणी तरी आपल्याला हा प्रश्न विचारतो आहे, हे माझ्या लक्षात यायला मात्र आणखी पुष्कळ वर्षं गेली.

मी चव्वेचाळीस टक्क्यांनी पास झालो. आमच्यातले सात नापास झाले. त्याबद्दल मास्तरांना ऑफिसात उभं करून काय काय ऐकवलं, ते शिपायाने आम्हाला तिखटमीठ लावून सांगितलं. पुढच्या गणपतीत त्यांच्या फेरीची सुरुवात त्या सात घरांपासून झाली.

आता जमाना बदलला, असं मला सगळे सांगतात. बदलला ना. आता दहावीच्या मुलांना प्रोत्साहन द्यायला सभागृहात व्याख्याते येतात, कानाला माइक अडकवलेले. मुलांना डोळे मिटायला लावतात, छातीवर हात ठेवायला लावतात आणि स्वप्नं बघायला सांगतात. मुलं डोळे मिटून एकमेकांना कोपरं मारतात. 'ड' तुकडी अशा वेळी खुर्च्या मांडत असते. अपेक्षा म्हणजे नव्वदच्या पुढचा आकडा आणि प्रोत्साहन म्हणजे टाळ्या, एवढंच उरलं आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला आपण गोड शब्दांत घरी पाठवतो आणि वर म्हणतो, त्याच्यावर ताण नको. अहो, कसला ताण? माझ्या शेजारच्या त्या पोराला 'तू आमच्यात नकोस' असं सांगण्यात ताण नाही का?

चौथ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याबरोबर मीही एसटीत बसलो. मुलाला घरी ठेवलं. तो बरोबर येतो म्हणत होता, पण बापाने ऐकलं नाही. शाळेच्या फाटकावर भला मोठा फलक. शंभर टक्के निकालाची अखंड परंपरा. पासपोर्टच्या आकाराचे पन्नासेक चेहरे, आणि खालच्या ओळीत शुभेच्छुक.

"काका, ह्यो तुमचाच फोटू ना?" शेजाऱ्याने कौतुकाने विचारलं.

माझाच होता. माजी विद्यार्थी संघाचा मी पदाधिकारी आहे. मी हं म्हणून पुढे झालो. तोवर माझ्या मनात काही टोचलं नव्हतं, हे कबूल करायला आज लाज वाटते.

मुख्याध्यापक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस आदबशीर. उठून उभे राहिले, चहा मागवला. टेबलावर एक फाइल होती आणि तिच्यात तसलेच कागद. मी विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही; बारा मुलं, त्यांतल्या अकरांच्या सह्या झालेल्या. मी आवाज चढवला. गणपतीच्या धांदलीत बापांच्या सह्या घेता, लाज नाही वाटत, असंही बोललो. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"काका, तुमचं बोलणं मला समजतं," ते म्हणाले. "पण पट बघा. गेल्या दोन वर्षांत दोन तुकड्या बंद झाल्या. आई-बाप प्रवेशाला आले की आधी निकाल विचारतात. निकाल घसरला की मुलं इंग्रजी शाळेत, आणि माझे शिक्षक अतिरिक्त. हे वर्गशिक्षक आहेत ना, यांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. उद्या यांना तिकडे चिपळूणपलीकडे अलोऱ्याला पाठवलं तर त्यांनी काय करायचं?"

कोपऱ्यातले तरुण वर्गशिक्षक खाली बघत होते. त्यांचा मला राग येईना, याचाच मला राग आला.

मी त्यांना विचारलं, "सर, ह्या मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगा. त्याचे वडील इथे बसलेत. एकच सांगा."

त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग छताकडे. "शांत आहे," ते म्हणाले. "काही त्रास नाही त्याचा."

तीन वर्षं हा मुलगा त्यांच्या समोर बसतो आहे. मी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणालो, की ही असली परंपरा तुम्हाला शिकवली कोणी?

मुख्याध्यापक जरा अवघडले. मग अगदी हळू म्हणाले, "रागावू नका, काका. गेल्या वर्षीच्या सत्काराला तुम्हीच प्रमुख पाहुणे होतात. दहावीच्या मुलांना तुम्हीच सांगितलंत, की शंभर टक्क्यांची परंपरा मोडू देऊ नका, शाळेची मान खाली जाईल असं काही करू नका."

म्हणालो होतो. शालीची घडी खांद्यावर होती, समोर मुलं ओळीने बसलेली, आणि मी ते वाक्य दोनदा म्हणालो होतो, कारण पहिल्यांदा टाळ्या चांगल्या पडल्या. शंभर टक्के कसे होतात, हे चव्वेचाळीस टक्केवाल्या मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. मास्तरांनी माझ्या बापाला जे सांगितलं होतं, की हा फळ्यावरची चूक दाखवतो, ते त्या दिवशी कुठे गेलं होतं? चहाचा कप हातात तसाच धरून मी बसलो.

बोलला तो शेजारी. गोदामात ओझी वाहून त्याचे खांदे पुढे वाकलेत, शाळेत शिरल्यापासून खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला होता. त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"सर, मी सही नाय करीत," तो म्हणाला. "पोरगा नापास झाला तर होव दे. पन तुमच्या शाळेतच होव दे."

मुख्याध्यापक 'विचार करा' म्हणाले. तो 'केला' म्हणाला आणि उठला. दारात थांबून त्याने चपला घातल्या, पुन्हा वळून दोघांनाही नमस्कार केला. मी त्याच्या मागोमाग बाहेर पडलो. एवढं सगळं मी सुनावायला गेलो होतो, आणि कामाचं एकच वाक्य बोलला तो, ज्याला कागद वाचता येत नव्हता. फाटकाशी आल्यावर मी परत फिरलो आणि शिपायाला सांगितलं, की त्या फलकावरून माझा फोटो काढायला सांग. त्याने मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

सह्या झालेल्या त्या अकरांपैकी दोन घरं आमच्याच वाटेवर होती; शेजाऱ्याच्या मुलाने सांगितली. पाचव्या दिवशी मी छत्री घेऊन निघालो. पहिल्या घरी बाप पहाटेच्या गाडीने मुंबईला गेला होता. आई म्हणाली, "सही झाली हो, आता कशाला?" दुसऱ्या घरी बाप भेटला, पण दाखला हातात आलेला होता आणि मुलगा त्याच्याबरोबर निघण्याच्या तयारीत उभा होता, पाठीला शाळेचीच बॅग, आत कपडे. त्या बापाशेजारी बसून त्या मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं, की मला त्याचं नावही माहीत नाही. मास्तर तीन महिने वर्गात बघत होते. मी रिकाम्या हाताने आलो होतो. पुढे आलेल्या मोदकातला अर्धासुद्धा मी खाल्ला नाही.

परत आलो तेव्हा शेजाऱ्याचा मुलगा गडग्यावर पाय सोडून बसला होता. बाप विसर्जनाच्या तयारीत होता. त्याच्या बापाला सांगायला माझ्याकडे मात्र एक गोष्ट होती, ती मी आधी बापाकडे जाऊन सगळ्यांसमोर सांगितली: त्या कागदातला न समजलेला शब्द तुझ्या पोराने विचारला, आपण दोघं नुसतं वाचून मोकळे झालो होतो. बाप हातातला तिरडा खाली ठेवून पोराकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखत होतो.

मग मी मुलाला वहीची गोष्ट सांगितली. रोज एक, न कळलेली. वर तारीख, खाली अर्धं पान कोरं. माझ्याकडे आणायची, मार्चपर्यंत. गणित मला अजूनही बेताचंच येतं, हेही सांगून टाकलं. माझी स्वतःची वही कपाटात आहे. तिच्यातली काही अर्धी पानं अजून कोरी आहेत, आणि आता ती भरतील असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. वाडी रिकामी झाली होती, बाप रात्रीच गेला होता, आणि गडग्यापलीकडे त्यांच्या पडवीत मखराच्या जागी नुसती रांगोळीची पुसट खूण राहिली होती. त्याने वही पुढे केली. पहिल्याच पानावर, नीट आखून, तारखेखाली लिहिलं होतं:

"मी शाळेतून परीक्षेला बसलो तर शाळेचं काय बिघडतं, ते मला कळलं नाही."

मी ते दोनदा वाचलं. पट, तुकड्या, अतिरिक्त शिक्षक, अलोरे, सगळं मला ठाऊक होतं, आणि त्यातलं काहीही त्या कोऱ्या जागेत लिहिण्याजोगं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"चांगलं नाही कळलंय," मी म्हणालो, आणि वही तशीच त्याच्या हातात परत दिली.